मेणातले दात

“कर्तृत्व,” सेक्रेटरी म्हणाले आणि पेनचं टोपण काढून माझ्याकडे बघत बसले. “या रकान्यात काय लिहू, दादा?”

“हिचं नाव लिहा.”

“नाव वरच्या रकान्यात असतं. ते तुमचं लिहून झालंय. इथे कर्तृत्व हवं.”

“तेच सांगतोय.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. आमच्या ज्येष्ठ मंडळाचे सेक्रेटरी कुठल्याशा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आहेत. फॉर्म पुढ्यात आला की त्यांचा आवाज बदलतो. मंडळातल्या ऐंशी ओलांडलेल्या सात जणांचा सत्कार ठरला होता आणि त्यात मी चौथा होतो.

“हे बघा, वहिनींबद्दल आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटतं,” ते म्हणाले. “पण नियम हयात सभासदांचा आहे. वहिनी सभासद नव्हत्या आणि आता...” ते थांबले. “चहा छान झालाय.”

चहा थंड झाला होता. मी तो करून ठेवला आणि वेळेवर ओतायला विसरलो होतो. अलीकडे असं होतं.

“मी लिहितो,” ते म्हणाले. “तुम्ही बोलत नाही, मग कुणीतरी लिहायलाच हवं. ‘चाळीस वर्षं शहरातल्या हजारो नागरिकांना आपल्या कुशल हातांनी कवळ्या बनवून दिल्या.’ कसं वाटतं?”

“अडतीस. आणि माझ्या हातांनी नाही.”

“मग काय पायांनी?” ते हसले. हसताना त्यांचा वरचा उजवा सुळा दिसला, जरा पुढे आलेला. तो हिने बसवलेला आहे. त्यांना ते माहीत नाही. मी म्हटलं, “लिहा तुम्हाला काय लिहायचं ते.”

ही जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

कवळी कशी होते ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. दातांचा डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतो. ते माप आमच्याकडे येतं. त्यात प्लॅस्टर ओतून हिरड्यांचा साचा काढायचा. साच्यावर गुलाबी मेण लावायचं आणि त्या मेणात एकेक दात बसवत जायचं, चौदा वर, चौदा खाली. मग ते डॉक्टरकडे पाठवायचं. पेशंटच्या तोंडात बरोबर बसलं की परत येतं. मग मेणाच्या जागी पक्का मसाला, म्हणजे गुलाबी प्लॅस्टिक, भरून उकळायचं, घासायचं, चकचकीत करायचं. झाली कवळी.

प्लॅस्टर, उकळणं आणि घासणं याला माझा हात चांगला होता. मेणात दात बसवायला वाईट. चूक काढता यायची नाही. माप बरोबर असायचं, वरचे-खालचे बरोबर मिळायचे. पण मी बसवलेले दात कुंपणाच्या फळ्यांसारखे दिसायचे.

लग्नाला तिसरं वर्ष होतं. एका माणसाची कवळी मेणातच परत आली. डॉक्टरांनी चिठ्ठी जोडली होती: पेशंटच्या पत्नी म्हणतात, दात उत्तम आहेत, पण हा माणूस आमचा नाही. मी दोनदा सगळे दात काढून पुन्हा बसवले. दोनदा परत आली. मी चिडलो होतो. ही आतून हात पुसत आली आणि म्हणाली, “त्याचा तरुणपणीचा फोटो आहे का? हसतानाचा?”

“फोटो काय करायचाय? लग्न जमवायचंय का?”

“मागवा तर खरं.”

फोटो आला. ही खिडकीत बसून बराच वेळ बघत राहिली. मग माझी छोटी सुरी दिव्यावर गरम करून घेतली, एक पटाशीचा दात केसभर आत ढकलला, शेजारचा जरासा फिरवला, सुळ्याचं टोक कानशीने घासून टाकलं. अर्धा तासही लागला नाही. मी म्हटलं, “वाकडे केलेस की सगळे.” ती म्हणाली, “होतेच वाकडे.”

त्या माणसाच्या बायकोने डॉक्टरांच्या दवाखान्यात त्याला बघून “आले बाई घरी!” म्हटलं म्हणे. डॉक्टरांनी मला शाबासकी दिली.

त्यानंतर दात तिनेच बसवले. प्रत्येक डॉक्टरला मी सांगून ठेवलं की पेशंटचा जुना फोटो पाठवा. ज्यांच्याकडे नसेल त्यांच्या मुलांचा पाठवा. त्यातही एकदा फसगत झाली. एका बाईंच्या फोटोवरून हिने पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला बसवला. बाई म्हणाल्या, होता चढलेला, पण या नाही, त्या बाजूला. फोटो स्टुडिओवाल्याने निगेटिव्हची काच उलटी ठेवून छापलेला होता. हिला फार लागलं ते. पुन्हा सगळं केलं. पुढे कुठलाही फोटो आला की आधी चेहरा बघायची नाही. आधी शर्टाचा खिसा नाहीतर बटणं कुठल्या बाजूला आहेत ते बघायची आणि मग दात. घरचे फोटो बघतानासुद्धा तेच. आमच्या मुलीला बघायला आले तेव्हा मुलाचा फोटो हातात घेऊन म्हणाली, “खिसा बरोबर आहे.” मुलगी अजून जावयाला त्यावरून चिडवते.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना दोरा दाताने तोडायची सवय होती. कवळी लावल्यावर दोरा तुटेना. हिने पुढचे दात धारेवर धार येतील असे बसवून दिले. आम्हा कामवाल्यांच्या नियमात ते बसत नाही, कवळी हलते त्याने. ही म्हणाली, “हलली तर हलली. दिवसाला दोनशे वेळा तोडते ती दोरा.”

आता हे कुणाला सांगितलं का नाही, ते. शहरातले सगळ्यात मोठे डॉक्टर एकदा आमच्या घरी आले होते. काम खूश होऊन बघत होते. जाता जाता म्हणाले, “एक मात्र सांभाळा. घरच्या बायकांना याला हात लावू देऊ नका. तोंडात जाणारी वस्तू आहे, शिकलेल्याचं काम आहे.” ही चहा घेऊन दारात उभी होती. तिच्या नखांत गुलाबी मेण होतं. डॉक्टर गेल्यावर मी म्हटलं, उद्या जाऊन सांगतो त्यांना. ती म्हणाली, “नका सांगू. काम यायचं बंद होईल. नाव कुणाचं का असेना, चावता आलं म्हणजे झालं.”

मी सांगितलं नाही. मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं. पुढे तो डॉक्टर वारला, दुसरे आले, काळ बदलला, सांगायची वेळ पुष्कळदा आली. लोक रस्त्यात थांबवून माझा हात हातात घेत. मी हात देत असे.

हिचे स्वतःचे दात मात्र शेवटपर्यंत सगळे होते, एक दाढ सोडून. दवाखान्यात नेलं तेव्हा नर्सने विचारलं, “आजी, कवळी आहे का? असेल तर काढून ठेवा.” हिला बोलायला दम नव्हता. तिने तोंड उघडून दाखवलं आणि बोटाने माझ्याकडे खूण केली, ‘यांना विचार.’ नर्सला काही कळलं नाही. मला हसू आलं होतं. ती अकरा दिवस होती तिथे.

सत्काराच्या आदल्या दिवशी मुलगी आली. ती दुसऱ्या गावी शाळेत शिकवते. आल्याबरोबर तिने फ्रीज उघडला, आत बघितलं, बंद केला. मग माझा शर्ट इस्त्रीला घेतला.

“स्टेजवर काय बोलणार आहात?”

“जे आहे ते.”

“म्हणजे?”

“कवळ्या आईने केल्या म्हणून सांगणार.”

इस्त्री थांबली. “बाबा, मला माहितीय ते. मी त्याच टेबलावर गणितं केलीयेत, तिच्या दातांच्या डब्या बाजूला सारून. पण समोर बसणारे सगळे पेशंट असतील. त्यांना वाटेल, यांनी आपल्याला इतकी वर्षं फसवलं.”

“फसवलंच.”

“आणि आई स्वतःच म्हणालेली ना, नका सांगू?”

“ते त्या डॉक्टरपुरतं. तो मेला.”

“आपलेच दात, आपलेच ओठ, बाबा. कुणाला दोष देणार आता? शांतपणे फुलं घ्या आणि घरी या.” तिने कॉलर उलटवली. “आणि हे तुम्ही आईसाठी करताय की तुमच्यासाठी?”

मी विचार केला. गेले चार महिने असंच आहे; विचार करायला जातो आणि तिथे काही नसतं, रिकाम्या खोलीत जाऊन परत आल्यासारखं होतं.

“शर्ट जळेल,” मी म्हटलं.

कार्यक्रम संध्याकाळी पाचला होता. वाचनालयाच्या हॉलमध्ये दीडशे खुर्च्या होत्या आणि त्या भरल्या होत्या. स्टेजवर आम्ही सात जण. माझ्या एका बाजूला एक्याऐंशीव्या वर्षी कॉलेजची परीक्षा पास झालेल्या बाई होत्या, दुसऱ्या बाजूला विजेच्या खांबांवर चढून उभं आयुष्य काढलेला लाइनमन. त्याने एका वादळात सलग तीन दिवस खांबावरून खांबावर जाऊन हॉस्पिटलची वीज चालू ठेवली होती. ते वाचून दाखवलं तेव्हा तो नखं बघत बसला होता. माझ्या कानात म्हणाला, “दोनच दिवस होते. तिसऱ्या दिवशी मी झोपलो होतो.”

“मग सांगा की.”

“कशाला? त्यांना तीन आवडलेत.”

परीक्षावाल्या बाईंना विचारलं की या वयात अभ्यासाचं कसं सुचलं. त्या म्हणाल्या, “नवरा रिटायर झाला आणि दिवसभर घरात बसायला लागला. कॉलेज बरं वाटलं.” हॉल खळखळून हसला.

तेव्हा मी समोर बघितलं. दीडशे म्हातारी माणसं तोंड उघडून हसत होती. तिसऱ्या ओळीत टोकाला बसलेल्या गृहस्थांच्या दोन पुढच्या दातांत फट. त्या फटीवरून डॉक्टर भांडले होते, की नवे दात घालायचे आणि फट कशाला? मागच्या ओळीत दोन बहिणी होत्या. दोघींचे सगळे दात एकाच वर्षी गेले आणि हिने दोघींना वेगवेगळे बसवले, कारण थोरलीचे ओठ मिटायचे नाहीत. खांबाजवळच्या बाईंचा सुळा तिने तीनदा काढून पुन्हा लावला होता, रात्रीचा स्वयंपाक तसाच ठेवून. हसणारी माणसं मला नीट ओळखू येत नव्हती, माझे डोळे आता तेवढे चांगले नाहीत. दात ओळखू येत होते. मी मोजायला लागलो आणि तीसच्या पुढे सोडून दिलं.

माझं नाव पुकारलं. सेक्रेटरींनी मानपत्र वाचलं. ‘शहराला हसू परत देणारे हात’ असं त्यात होतं. फुलं दिली. मग म्हणाले, “दोन मिनिटं.” त्यांच्याकडे टेबलावरची घंटी होती आणि दोन मिनिटं झाली की ती ते वाजवत.

मी पाठ करून गेलो नव्हतो. म्हटलं, “मी प्लॅस्टर ओतायचो. उकळायचो. घासायचो. दात माझ्या बायकोने बसवले. पहिल्या तीन वर्षांतले सोडून सगळे. तुमच्या तोंडात आहेत ते तिचे आहेत. डॉक्टरांना आम्ही सांगितलं नाही. तुम्हालाही मी सांगितलं नाही. तिने पस्तीस वर्षं ते काम केलं आणि नाव मी घेतलं. हे मानपत्र तिचं आहे. एवढंच.”

मला वाटलं, आता कुणीतरी उठून विचारेल. काहीही विचारलं असतं तरी चाललं असतं.

मग टाळ्या सुरू झाल्या. पहिल्या ओळीतले उठून उभे राहिले, मग बाकीचे. सेक्रेटरी चष्मा काढून डोळे पुसत होते. परीक्षावाल्या बाई मोठ्याने म्हणाल्या, “आमच्या ह्यांच्या तोंडून जन्मात असं एक वाक्य निघालं नाही हो!” पाहुणे म्हणून बोलावलेले गृहस्थ माझ्या हातून माइक घेऊन म्हणाले, “याला म्हणतात मोठेपणा! स्वतःच्या कर्तृत्वाचं सगळं श्रेय दिवंगत पत्नीला! प्रत्येक यशस्वी पुरुषामागे...” आणि ते पुढे बोलत राहिले.

मी माइक परत मागितला. म्हटलं, “मी मोठेपणा करत नाहीये. खरंच तिने केल्यात. मला येत नाहीत.”

आणखी टाळ्या. सेक्रेटरींनी घंटी वाजवली, पण हसत हसत, लाडाने.

मी खुर्चीत येऊन बसलो. लाइनमन वाकून म्हणाला, “तुम्हालासुद्धा तीनच दिले, बघा.”

खाली उतरल्यावर मुलीने माझ्या हातातली फुलं घेतली. “बोललात ना मनातलं?”

“बोललो. पोचलं नाही.”

तिचे डोळे लाल झाले होते. माझे कोरडे होते. मी तिला म्हटलं, पाणी पिऊन येतो.

पाण्याच्या टाकीजवळ एक उंच म्हातारा उभा होता. सकाळी बागेत फिरणाऱ्यांच्या गटात मी त्याला लांबून बघितलेलं होतं. तो पूर्वी बसमध्ये कंडक्टर होता आणि सगळे त्याला अजून कंडक्टरच म्हणतात. त्याचा वरचा ओठ आत गेला होता. बोलताना वारा जात होता.

“कवळीवाले, थांबा. तुमच्यासाठीच आलो.” त्याने खिशातून रुमाल काढून उलगडला. आत वरची कवळी होती, मधोमध चिरून दोन तुकडे झालेली. “सफरचंदाने घात केला.”

“सफरचंद चिरून खायचं असतं.”

“बावीस वर्षं चावून खाल्लं. सवय लावलीत कुणी?”

मी तुकडे जुळवून बघितले. “जोडून देतो.”

“जोडू नका. नवीन करा, अगदी अशीच. हिच्यासारखी दुसरी होणार नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या हातची मला नको. दुकान बंद केलंत ते ठाऊक आहे. एवढं एक शेवटचं.”

“आत्ता मी वर काय बोललो ते ऐकलंत ना?”

“ऐकलं की. रडवलंत. मिसेस भाग्यवान.” त्याने इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “पण ते झालं स्टेजवरचं. इथे आपण दोघेच आहोत. कधी येऊ घ्यायला?”

मी रुमाल घेतला. म्हटलं, चार दिवसांनी या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाल्यावर मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो. ती गेल्यापासून बसलो नव्हतो. आधी चीर जोडली. तुकडे एकमेकांना चिकटवायचे, खाली प्लॅस्टरचा आधार द्यायचा, चिरेच्या दोन्ही कडा घासून मध्ये नवा मसाला भरायचा. हे मला येतं. बारा वाजेपर्यंत ते झालं, आणि चीर कुठे होती ते सांगितल्याशिवाय दिसलं नसतं.

मग मी तिच्या डब्या काढल्या. औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत तिने दात रंगाप्रमाणे लावून ठेवलेले आहेत. चिठ्ठ्या तिच्या अक्षरात: ‘चहा फार’, ‘विडी’, ‘गोरी बाई’, ‘मास्तर’. कंपनीने दिलेले नंबर तिने कधी वापरले नाहीत. मी ‘विडी’ची डबी उघडली.

मला वाटलं होतं, समोर तयार कवळी आहे, तिची नुसती नक्कल तर करायची. साचा केला, मेण लावलं, दिवा पेटवला आणि जुनी समोर ठेवून एकेक दात बसवत गेलो. दुपारी बघितलं तर फळ्या. मापात कुठेही फरक नव्हता. मी सगळे काढले, पुन्हा बसवले. पुन्हा फळ्या. तिसऱ्या दिवसापर्यंत पाच वेळा झालं.

मुलगी जेवणाचं ताट घेऊन आली, वाकून बघितलं. “छान झालेत की.”

“हं.”

“नाही झाले का?”

“तुझी आई काय करायची इथे? हात कसा ठेवायची? आठवतं तुला?”

ती माझ्याशेजारी बसली. “मी गणितं करत होते, बाबा. तुम्ही कुठे होतात?”

“मागे. घासत होतो.”

जेवण झाल्यावर मी जुनी कवळी हातात घेऊन तिच्यावरून बोट फिरवत होतो, तेव्हा बोटाला मागच्या बाजूने पुढच्या दोन दातांपाशी एक खाच लागली. लांबट, बोटाच्या नखाएवढी. आधी मला ती मसाल्यातला खड्डा वाटली. पण कडा गुळगुळीत होत्या. मुद्दाम कोरलेली होती. कशासाठी ते मला कळलं नाही. ही कवळी शेवटी मीच घासली असणार, म्हणजे ती खाच मीच गुळगुळीत केली असणार. तेव्हाही मी तिला विचारलं नव्हतं.

मी माझ्या मेणाचा साचा गरम पाण्यात सोडला. मेण मऊ झालं आणि दात सुटून तळाशी बसले. एकेक वेचून, धुऊन, पुसून ‘विडी’च्या डबीत परत ठेवले.

कंडक्टर ठरल्या दिवशी दुपारी आला. दारातूनच म्हणाला, “झाली?”

“जोडून दिलीय. नवी होणार नाही.”

“का? साहित्य नाही मिळत?”

“मिळतं. बसा.”

तो बसला. मी कवळी त्याच्या हातात दिली. त्याने उलटीपालटी करून बघितली, तोंडात घातली, दोन-तीनदा चावल्यासारखं केलं. चेहरा भरून आला. आवाजही बदलला. “अहो, ही तर नव्यासारखीच. मग दुसरी करायला काय हरकत?”

“तिच्या मागच्या बाजूला एक खाच आहे. ती कसली?”

त्याने माझ्याकडे बघितलं. “तुम्हीच केलीत आणि मला विचारता? शिट्टीची.”

“शिट्टीची?”

“नोकरीची तीन वर्षं राहिली होती आणि दात गेले. तुमची कवळी बसली मस्त, पण शिट्टी धरली की वरची सुटायची. प्रवासी हसायला लागले. ड्रायव्हर म्हणायचा, कंडक्टर, एक काहीतरी आत ठेवा, शिट्टी तरी नाहीतर दात तरी. मग मी इथे आलो होतो. शिट्टी दिली, आठ दिवसांनी कवळी आणि शिट्टी दोन्ही घेऊन गेलो. त्या खाचेत शिट्टी अशी बसते, की बस. अजून सकाळी फिरायच्या गटाला मीच शिट्टी मारतो. चार दिवस बंद आहे, सगळे वाटेल तसे चालतायत.”

“शिट्टी कुणाच्या हातात दिली होती?”

“मिसेसच्या. तुम्ही आत कामात होतात. त्यांनी दारातच मला वाजवून दाखवायला सांगितलं. मग तोंड उघडा म्हणाल्या. मग पुन्हा वाजवा.” तो थांबला. “मला वाटलं, तुम्हाला आत जाऊन सांगायला विचारतायत.”

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

“तीन-चार वेळा वाजवली असेल. शेजारची माणसं बाहेर आली. त्या हसत होत्या.” त्याने जिभेने आतून ती खाच चाचपली. ते बाहेरून दिसत होतं, ओठ हलत होता. “मोजपट्टी होती त्यांच्या हातात. लहान, लोखंडी.”

“हो.”

“म्हणजे तुम्ही त्या दिवशी स्टेजवर...”

“हो.”

टेबलावर डब्या होत्या. त्याने वाकून चिठ्ठ्या वाचल्या. ‘विडी’वर बोट ठेवलं. “हा मी?”

“बहुतेक.”

“सोडली मी. रिटायर झालो त्या वर्षी.” मग म्हणाला, “म्हणजे आता ही एकच.”

“ही एकच.”

“पुन्हा चिरली तर?”

“तेव्हा जोडता येईलच असं नाही.”

त्याने मान हलवली. मग तोंडाला हात लावून कवळी काढली, माझ्याकडे पाणी मागितलं, धुतली आणि पुसून रुमालात गुंडाळली. ओठ पुन्हा आत गेला.

“अहो, लावा की. लावायलाच केलीय.”

“सकाळी तेवढी लावीन,” तो म्हणाला. वारा जात होता, पण कळत होतं. “शिट्टीपुरती. जेवणाचं काय, मऊ करून खाता येतं.”

रुमाल त्याने शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावायला घेतलं. ते लागेना, त्याची बोटं जाड होती. मी मदत करणार होतो, पण लागलं. दारात वळून त्याने ओठ मिटून मला नमस्कार केला आणि मग मान वर करून माझ्या मागे, त्या टेबलाकडे बघून आणखी एकदा केला. जिना उतरताना एक हात कठड्यावर होता आणि दुसरा खिशावर.